सोनेरी खुंट्यांची गिटार

"मामा, रविवारी नगरला ये. बाबांशी बोलायचंय, आणि तू असल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही."

भाच्याचा असा फोन आला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. दोस्तांनो, मामा म्हणजे घरातलं हायकोर्ट! आईबाबांकडे निकाल विरुद्ध जाणार असं दिसलं की अपील आमच्याकडे येतं. तेव्हा रविवारी सकाळची एसटी पकडून मी माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो आणि रिक्षानं सावेडीला पोचलो. (या शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. पण आमच्या घरात अजून सगळे 'नगर'च म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो.)

खटला होता गिटारचा. अकरावीतल्या आमच्या भाच्याला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. पण कुठलीही नाही! त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. गडद लाल रंगाचं अंग, त्यावर व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार चिरा, आणि वरच्या खुंट्यांपासून खाली तारा अडकवायच्या पट्टीपर्यंत सगळं धातूचं सामान झगझगीत सोनेरी. "सेमी-हॉलो आहे, मामा. आणि गोल्ड हार्डवेअर!" हे शेवटचे दोन शब्द उच्चारताना त्याचा आवाज एकदम खाली आला. गाभाऱ्यात गेल्यावर येतो तसा. किंमत एक्केचाळीस हजार.

पैसे नव्हते असं नाही. होते, आणि हीच खरी अडचण होती. आजीनं त्याच्या लहानपणी पोस्टातून किसान विकास पत्र घेऊन ठेवलं होतं. त्याचे चाळीस हजार नुकतेच हातात आले होते, आणि "नातवाच्या हौसेला" असं म्हणून तिनं ते बाजूला काढले होते. दाजींचं म्हणणं वेगळं. पुढच्या वर्षी बारावी, मग कॉलेज, लॅपटॉप लागणार; गिटार काय पळून जातेय? ताई दोघांच्या मध्ये बसून शेंगा सोलत होती. आजीनं मोबाइल नाकाशी धरून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं,

"खरं सोनं आहे का रे हे?"

कुणालाच उत्तर येईना. ज्याला ती गिटार हवी होती त्यालाही नाही! म्हणून हायकोर्टानं निकाल राखून ठेवला, आणि पुढचे तीन आठवडे आम्ही मामा-भाचे या गिटारच्या मागे लागलो.

हौस आजची नव्हती, हे आधी सांगायला हवं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१पासूनचं. इथे चर्च जुनी, आणि चर्चमध्ये गाणं-वाजवणं आलंच. नगरच्या कितीतरी मुलांनी पहिली गिटार तिथेच पाहिलेली असते. आमच्या पठ्ठ्यानंही नाताळात मित्राबरोबर जाऊन तिथेच पाहिली आणि मित्राची जुनी गिटार उसनी आणली. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की दाबताना बोटांना वळ उठायचे. तरी तीन वर्षं त्यानं ती सोडली नाही. मी दाजींना एवढंच म्हटलं, "तीन वर्षं टिकली ती हौस नव्हे. तिला आता आवड म्हणा." दाजी हसले नाहीत, पण गप्प बसले.

भोपळा आणि ओंडका

आधी नाव समजून घेऊ. हॉलो म्हणजे पोकळ, सेमी म्हणजे अर्धं. अर्धी पोकळ गिटार ही काय भानगड?

तंबोरा पाहिलाय ना? नुसती तार ताणून छेडली तर तिचा आवाज ऐकू येईल न येईल इतकाच. तीच तार भोपळ्यावर बसवली की खोली भरून जाते. तारेची थरथर घोडीतून पातळ लाकडी तबलीत उतरते, तबली आतल्या-बाहेरच्या हवेला हलवते आणि आवाज मोठा होतो. मिरजेचे कारागीर ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. साधी गिटार याच जातीची. भोपळ्याऐवजी लाकडाची पेटी, एवढाच फरक.

इलेक्ट्रिक गिटारचं मात्र वेगळं. तिच्या तारांखाली 'पिकअप' नावाची डबी असते. त्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी थोडीशी वीज तयार होते. (फॅरेडेसाहेबांचा धडा विसरला असाल तर पुन्हा काढा!) ती वीज ॲम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो. म्हणजे तारेला आता पोकळ पेटीची गरज नाही.

उलट पेटीचा त्रासच! कसा, ते तुम्ही शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकलेलं आहे. कुणीतरी माइक घेऊन बोलत बोलत स्पीकरसमोर जातं आणि 'कुंईंईं' अशी शिट्टी सगळ्यांच्या कानात घुसते. माइकमधला आवाज स्पीकरमधून येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि हे चक्र थांबतच नाही. याला फीडबॅक म्हणतात. पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की तिची पेटीही अशीच थरथरत सुटते आणि गिटार स्वतःच घुमू लागते.

यावर अमेरिकेतल्या लेस पॉल नावाच्या वादकानं १९४०च्या सुमारास एक अचाट तोडगा काढला. चार इंच रुंद, चार इंच जाड असा पाइनचा भरीव ओंडका घेतला, त्याला मान, तारा आणि पिकअप लावले. नावही ठेवलं 'लॉग', म्हणजे ओंडकाच. घुमणं थांबलं. पण हॉटेलात वाजवली तेव्हा लोक ढिम्म! मग त्यानं एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिच्या दोन बाजू ओंडक्याला पंखांसारख्या लावल्या. आवाजात म्हणण्यासारखा फरक नाही. दिसायला मात्र आता ती गिटार दिसू लागली, आणि तेच लोक टाळ्या वाजवायला लागले. लेस पॉल ही गोष्ट म्हातारपणापर्यंत रंगवून सांगत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

१९५८ साली गिब्सन कंपनीनं या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. पातळ पोकळ अंग, आणि आत मधोमध मानेपासून खालच्या टोकापर्यंत मेपलच्या लाकडाचा भरीव ठोकळा. दोन कडा पोकळ, मधलं पोट भरीव. पोकळीमुळे आवाजाला थोडी ऊब येते, ठोकळ्यामुळे घुमणं आटोक्यात राहतं. या गिटारचं नाव ईएस-३३५. भाच्याच्या चित्रातली गिटार म्हणजे हिची खापरपणती.

नगरचा धागा

हे सगळं वाचताना भाच्याला एक शोध लागला आणि त्यानं रात्री अकरा वाजता मला फोन केला. तो शोध नगरचाच होता.

नगरहून दौंडच्या रस्त्यानं गेलं की अरणगावजवळ मेहेराबाद लागतं. तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत ते मोडलं नाही. आणि त्यांचा एक भक्त कोण? 'द हू' या इंग्लंडच्या रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउन्शेंड! या बँडचा लंडनमधल्या चार्ल्टन मैदानावरचा १९७६चा कार्यक्रम जगातला सर्वांत कर्णकर्कश म्हणून गिनेस बुकात गेला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या मौनाचा भक्त असा! त्यांच्या १९७१च्या एका प्रसिद्ध गाण्याच्या नावात 'बाबा' आहे तो मेहेरबाबांवरून. नावाचा उरलेला भाग टेरी रायली या संगीतकारावरून आला.

भाच्याला आनंद झाला तो याच्याही पुढच्या गोष्टीचा. त्या अल्बमच्या वेळी टाउन्शेंडनं जी गिटार वापरली, ती त्याला जो वॉल्श या मित्रानं भेट दिलेली होती. १९५९ची नारिंगी ग्रेच. पोकळ अंगाची, आणि सामान सोनेरी!

"बघ मामा, सोनेरी!" भाचा म्हणाला.

"अरे, पण ती त्याला फुकट मिळाली होती," मी म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

मुलामा

आता आजीचा प्रश्न. आजी स्वतःच आम्हाला घेऊन सराफ बाजारात निघाली. तिथले एक वयस्कर सराफ तिच्या माहेरच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा वर सरकवून चित्र पाहिलं आणि हसले.

"मावशी, हा मुलामा. सोनं खरं आहे, पण नावापुरतं."

सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात वस्तू बुडवून वीज सोडली की सोन्याचे कण वस्तूवर जाऊन बसतात. त्याखाली बहुधा निकेलचा थर असतो. सोन्याचा थर किती जाड? आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही साधारणपणे पातळ!

"मोडीत काय येईल?" आजीचा रोखठोक प्रश्न.

"कुणी घेणार नाही. ते काढायची मजुरीच सोन्यापेक्षा जास्त व्हायची."

मग त्यांनी भाच्याचा हात हातात घेतला, तळवा पाहिला आणि म्हणाले, "घाम येतो का रे? मग जिथे हात टेकतो तिथला रंग आधी जाईल." सोनं गंजत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. पण सोनं मऊ असतं, इतका पातळ थर घासून झिजतो, आणि त्यातल्या बारीक छिद्रांतून घामाचं खारट पाणी खालच्या धातूपर्यंत पोचतं. उजव्या हाताचा तळवा ज्या ब्रिजवर टेकतो तो आधी फिका पडतो. ज्या खुंट्यांना आपण फक्त सूर लावताना शिवतो, त्या बरीच वर्षं चमकत राहतात. जुन्या वापरलेल्या गिटारींची छायाचित्रं पाहा, हे लगेच दिसेल.

मग या मुलाम्याचा कधी उपयोगच नाही का? आहे की! १९७७ साली 'नासा'नं व्हॉयेजर ही दोन यानं सोडली, त्यांच्यावर तांब्याच्या तबकड्या बसवल्या आहेत आणि त्यांना सोन्याचा मुलामा आहे. त्या तबकडीवर पृथ्वीवरचं संगीत आहे. त्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे, आणि अमेरिकेच्या चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'ही आहे. चक बेरीची त्या काळातली लाडकी गिटारही पोकळ अंगाची आणि सोनेरी सामानाची होती, हा योगायोग बघा! दोन्ही यानं आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेली आहेत. तिथे ना दमट हवा, ना घामट हात. मुलाम्याला धक्का लागायचं कारणच नाही. गिटारची गोष्ट उलटी. तिला रोज हात लावायचा, तेव्हाच ती आपली होते.

आणि आवाज? सोनेरी खुंटीनं सूर गोड होत नाही. गिब्सननं सुरुवातीपासून साध्या ३३५ला निकेलचं सामान दिलं आणि वरच्या दर्जाच्या ३५५ला सोनेरी. अंगाचा आकार तोच. सोनं म्हणजे गणवेशावरची फीत! बी. बी. किंग हा थोर वादक अशीच सोनेरी ३५५ वाजवायचा. पण १९४९ साली अर्कान्सासमधल्या एका नाचघराला आग लागली तेव्हा ज्या गिटारसाठी तो जळत्या इमारतीत परत धावला, ती सोनेरी नव्हती. स्वस्तातली साधी गिटार होती. आग लागली ती दोन माणसांच्या भांडणात, आणि भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यानं गिटारला ल्युसिल नाव दिलं आणि पुढच्या सगळ्या गिटारींना तेच ठेवलं. सोनेरी ल्युसिल नंतर आल्या.

दहापैकी सहा

तिसऱ्या शनिवारी आम्ही पुण्याला गेलो. (गिटार शक्यतो हातात घेतल्याशिवाय घेऊ नये, या मताचा मी आहे. चित्राला वजन नसतं!) दुकानात एकाच कंपनीच्या दोन गिटारी होत्या. आकार एक, आतला ठोकळा एक, पिकअप एक. एक निकेलच्या सामानाची, एकतीस हजारांची. दुसरी सोनेरी, एक्केचाळीसची. दुकानदार सरळ माणूस निघाला. तो म्हणाला, "काका, नुसत्या सोन्याचे दहा हजार नाहीत. वरच्या लाकडाचा पापुद्रा नक्षीदार आहे, कडेची पट्टी भारी आहे." म्हणजे फरक सगळा पाहण्याचा.

मी भाच्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला. दुकानातल्या पोरानं एकच तुकडा एकाच ॲम्प्लिफायरवर दहा वेळा वाजवला, कधी या गिटारवर, कधी त्या. भाच्यानं ओळखायचं होतं. दहापैकी सहा बरोबर. आता, नाणं उडवून तुम्ही-आम्हीही पाच-सहा बरोबर सांगूच! मग त्या पोरानं ॲम्प्लिफायरचं फक्त एक बटण फिरवलं, तर आवाज इतका बदलला की मलाही कळलं. आणि मला सा आणि प यांतला फरकसुद्धा धड कळत नाही.

आईबाबांनी एवढा परिच्छेद जरूर वाचावा. इलेक्ट्रिक गिटारची किंमत म्हणजे तिची एकटीची किंमत नव्हे. ॲम्प्लिफायर लागतो, केबल लागते, जाड पिशवी लागते, तारा बदलाव्या लागतात. शिवाय नवी गिटारही जाणकाराकडून 'सेटअप' करून घ्यावी लागते. तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवणं म्हणजे सेटअप. हे नीट नसेल तर महागडी गिटारही बोटांना वळ उठवते आणि मूल वाजवणं सोडतं. आपण म्हणतो, आरंभशूर! नगरसारख्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात लाकूड थोडं आकसतं, मग मानेच्या कडेला फ्रेटच्या धातूची टोकं बोटांना टोचायला लागतात. तेव्हा गिटार खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. सेमी-हॉलोचा एक घरगुती फायदा मात्र सांगतो. वीज न लावताही ती वाजवणाऱ्याला पुरेल इतकी ऐकू येते. दिवे गेले तरी सराव चालू, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपही शाबूत.

आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. भाच्यानं बिलाच्या मागे हिशेब मांडला. एकतीस, अधिक छोटा ॲम्प्लिफायर साडेसहा, अधिक केबल, पिशवी, तारा, सेटअप. बरोब्बर चाळीसच्या आत बसत होतं. दुसऱ्या बाजूला एक्केचाळीस, आणि पुढे काहीच नाही. हिशेब स्पष्ट होता. तरी तो पेन खाली ठेवून म्हणाला, "मामा, खरं सांगू? मला ती सोनेरीच आवडते."

आता हायकोर्टानं काय करावं? लेस पॉलच्या ओंडक्याला पंख लावल्यावर टाळ्या वाजवणारे लोक मूर्ख होते, असं मला वाटत नाही. डोळ्यांनाही हौस असते. आवडती वस्तू दिवसातून चारदा उचलावीशी वाटते, आणि चारदा उचलली की चारदा वाजते. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. त्यामुळे त्याची पंचाईत वाढली, हे कबूल करतो. निकाल मी दिला नाही. पैसे आजीचे, बोटं त्याची.

त्यानं फोन लावला तो बाबांना नाही, आजीला. सगळं सांगितलं. दहापैकी सहासुद्धा. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मला स्वयंपाकघरात कुठली ऐकू येईल?"

भाचा गप्प. सोनेरी घेतली तर ॲम्प्लिफायर नाही, आणि ॲम्प्लिफायर नाही तर स्वयंपाकघरापर्यंत काय जाणार? "निकेलची, आजी," तो हळूच म्हणाला. "तिच्याबरोबर स्पीकर येतो."

"मग ती आण."

दुकानातून निघताना त्यानं सोनेरी गिटारकडे एकदा वळून पाहिलं. मी न पाहिल्यासारखं केलं. स्वारगेटपासून नगरपर्यंत पिशवी त्याच्या मांडीवर होती. वर रॅकवर ठेवू दिली नाही. घरी दाजींनी दोन अटी घातल्या: रात्री नऊनंतर ॲम्प्लिफायर बंद, आणि चाचणी परीक्षेत मार्क घसरले तर गिटार कपाटात. सध्या तरी ती कपाटाबाहेर आहे.

मागच्या महिन्यात मी नगरला गेलो तर आजी ओसरीवर गिटार मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी ओलं फडकं आणि पितांबरीची डबी!

"अरे, या खुंट्या जरा मळकट दिसतायत. देवांबरोबर उजळून काढते."

भाचा आतून ओरडत धावत आला. "आजी, नको! देव पितळेचे आहेत, ही निकेलची आहे! कोरड्या मऊ कापडानं पुसायची फक्त!"

आजीनं डबीचं झाकण लावलं. "बरं बाबा. मग तूच पूस. आणि पुसून झाली की ते कालचं वाजव. मी आत कणीक मळतेय."